नांदगाव ते गंगापूर : द्राक्षमळ्यांची वाट

नांदगाव हा नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण तालुका. तेथून सकाळी मोटारीने मनमाड, चांदवडमार्गे पिंपळगाव बसवंतकडे निघाले की कोरडवाहू शेते मागे पडून द्राक्षमळे दिसू लागतात. हा पालट मुख्यतः पाण्याचा आहे. वेलींची छाटणी येथे वर्षातून दोनदा होते : उन्हाळ्यात खरड छाटणी व पावसाळ्याच्या अखेरीस फळछाटणी. वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये पाहावयास मिळते. नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या परिसरात, सुला वाइनरी २००० साली सुरू झाली. पुढील वर्षी शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. मोटार चालविणाऱ्याने मात्र वाइनची चव घेऊ नये. वेलीच्या मुळाशी थेंबाथेंबाने पाणी देणारे ठिबक सिंचन प्रत्येकाने न्याहाळावे. नांदगावच्या शेतकऱ्यास या सहलीतून घरी नेण्याजोगे तेच खरे फळ होय.