दोघांचं कोल्हापूर, सहा हजारांत

आकडा आधीच सांगून टाकतो. पुण्याहून एक बाई आणि एक पुरुष एसटीने कोल्हापूरला गेले, एक रात्र राहिले, दोन दिवस मनसोक्त खाल्लं आणि परत आले, तर सहा हजार रुपयांत भागतं. चपला आणि गूळ यात धरलेले नाहीत. त्यांचा हिशेब शेवटी. सहा हजारांपैकी खाण्यावर बावीसशे-चोवीसशे जातात. बाकीचे बहुतेक चाकांवर आणि गादीवर जातात. काटकसर करायचीच असेल तर ती तिथे करावी, ताटात नको. लोक नेमकं उलटं करतात. तीन हजारांची खोली न कुरकुरता घेतात आणि मटणाच्या ताटाचे चारशे ऐकून 'दोघांत एकच सांगूया का' म्हणतात. कोल्हापुरात येऊन हे असलं करू नये.

खाली दिलेले दर साधारण धरून चालण्याचे आहेत. नवरात्रात, दिवाळीच्या सुट्टीत आणि लागून आलेल्या सुट्ट्यांना ते चढतात, खोलीचे तर दुप्पटसुद्धा होतात.

जायचं कसं

पुणे ते कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. स्वारगेटहून दिवसभर गाड्या सुटतात. लालपरीचं तिकीट चारशेच्या आसपास, निमआराम किंवा शिवशाहीचं पाचशे ते सहाशे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि ते शिवशाहीलाही लागू आहे, हे अजून पुष्कळ जणींना ठाऊक नसतं. ६५ ते ७५ वयाच्यांनाही अर्धं, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. त्यांनी आधार कार्ड जवळ ठेवावं. म्हणजे दोघांचं येणं-जाणं लालपरीने बाराशे रुपयांत होतं. आईवडील पंचाहत्तरीपुढचे असतील तर त्यांचा प्रवास हा सहलीतला सगळ्यात स्वस्त भाग.

स्वतःची गाडी काढलीत तर कोल्हापूर, पन्हाळा आणि शहरातली फिरती धरून पाचशेवर किलोमीटर होतात. लिटरला सोळाचं ॲव्हरेज धरलं तरी पेट्रोलचे तीन हजार तीनशे गेले. शिवाय खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार टोलनाके. येऊन-जाऊन सातशे-आठशे रुपये. फास्टॅग नसेल किंवा चालत नसेल तर रोखीने दुप्पट टोल पडतो, यूपीआयने सव्वापट. महामार्गावर नेहमी जा-ये असेल तर १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला २०० फेऱ्यांचा वार्षिक पास परवडतो, पण मुंबईकरांनी लक्षात ठेवावं की तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नाही. थोडक्यात दोघांना गाडी महाग पडते, चौघांना जमते.

मुंबईकरांसाठी खरी सोय महालक्ष्मी एक्स्प्रेसची. रात्री मुंबईत बसायचं, सकाळी छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर उतरायचं. स्लीपर साडेतीनशेच्या आत-बाहेर, थ्री-टायर एसी आठशे-नऊशे. रात्रीची गाडी म्हणजे एका रात्रीचं खोलीभाडं वाचलं. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होतं आणि शनिवार-रविवारला लागून असलेल्या तारखा लगेच भरतात. ऑनलाइन काढताना यूपीआयने पैसे भरा, सुविधा शुल्क थोडं कमी लागतं.

खोली

अंबाबाईच्या देवळाच्या पायी अंतरात आणि एसटी स्टँडच्या बाजूला लॉज भरपूर आहेत. दोघांसाठी स्वच्छ, साधी खोली बाराशे ते दोन हजारांत मिळते, वर पाच टक्के जीएसटी. फोनवर दर विचारताना दोनच प्रश्न विचारा. पहिला, 'दर टॅक्स धरून का?' दुसरा त्याहून महत्त्वाचा: 'चेकआउट दुपारी बाराचं की २४ तासांचं?' सकाळी सातला उतरणाऱ्याला बाराच्या हिशेबाची खोली दिली तर पाच तासांसाठी जादा दिवसाचे पैसे मोजावे लागतात. २४ तासांचा हिशेब असलेल्या लॉजमध्ये सातला शिरा आणि दुसऱ्या दिवशी सातला बाहेर पडा. सामान काउंटरवर ठेवून घेतात का, तेही विचारून ठेवा म्हणजे दुसऱ्या दिवशी मोकळ्या हातांनी फिरता येतं.

देवळाचा खर्च म्हणाल तर दर्शन फुकट आहे. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या किरणोत्सवाच्या दिवसांत मावळतीची किरणं गाभाऱ्यात शिरतात. ते पाहायचं असेल तर खोली महिनाभर आधी धरा, नाहीतर ते दिवस टाळा.

आता मुद्द्याचं

सकाळ मिसळीची. कोल्हापुरात मिसळीबरोबर बहुतेक ठिकाणी पाव नाही, ब्रेडच्या जाड स्लाइस देतात. प्लेटला ऐंशी ते सव्वाशे रुपये. बाहेरच्यांना ठाऊक नसणारी गोष्ट म्हणजे कट. हा वरून घ्यायचा लाल तर्रीदार रस्सा. तो संपला की वाढप्याला 'कट' एवढंच म्हणायचं, पुन्हा मिळतो, वेगळे पैसे सहसा लागत नाहीत. ब्रेडची जादा जोडी मात्र बिलात येते. नावाजलेल्या ठिकाणी रविवारी नऊनंतर रांग लागते आणि साठा संपला की दुकान बंद. आठच्या आत गेलात तर निवांत बसायला मिळतं.

दुपारी मटणाचं ताट. साधं ताट साडेतीनशे ते साडेचारशे. त्यात वाटीभर सुकं मटण, तांबडा, पांढरा, भाकरी किंवा चपाती, भात, कांदा, लिंबू. फलकावर 'स्पेशल' म्हणून दुसरा दर असतो, शंभर-दीडशेने जास्त. त्यात बहुधा खिम्याची वाटी आणि अंडं वाढतं. माझं मत विचाराल तर साधंच सांगा. पोट रश्श्याने भरतं आणि रस्साच तर खायला आलोय. वाढपी एका हातात बादली, दुसऱ्या हातात ओगराळं घेऊन फिरतो; वाटी अर्धी झाली की न विचारता भरतो. रस्सा हवा तितका, मटण मात्र मोजून, हा इथला अलिखित करार. मटणाची जादा प्लेट सांगितलीत तर अडीचशेच्या पुढे बिल चढतं, म्हणून आधी दर विचारा. विचारायला लाजू नका, कोल्हापूरकर लाजत नाहीत.

पांढऱ्यापासून सुरुवात करावी. तो मटणाच्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ घालून करतात. रिकाम्या पोटी वाटी तोंडाला लावून प्यायचा. त्यानंतर तांबड्यात भाकरी चुरून. बाहेरगावच्या हॉटेलांत मेनूवर 'कोल्हापुरी' लिहिलेलं असलं की घशाला आग लागते, त्या आगीचा आणि तांबड्याचा संबंध नाही. कांदा-लसूण चटणीचा झणका असतो, पण मसाल्याची चव त्याखाली दबत नाही.

वारही बघा. बुधवार, शुक्रवार, रविवार खानावळी तुडुंब. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी पुष्कळ घरांत वार पाळतात, त्यामुळे गर्दी निम्म्यावर येते आणि ताट तेच असतं. जमलं तर शनिवारी दुपारी जेवा, रविवार पन्हाळ्यासाठी ठेवा. रविवारीच जेवायचं असेल तर साडेअकराला किंवा अडीचनंतर. शाकाहारी मंडळींनी उपाशी राहण्याचं कारण नाही: अख्खा मसूर आणि रोटी माणशी दीडशे-दोनशेत होते, आणि ती तडजोड वाटत नाही.

संध्याकाळी गंगावेशीतला दूध कट्टा. इथे खरोखर म्हशी आणून बांधतात. गवळी उकिडवा बसतो, भांडं गुडघ्यांत धरतो आणि तुमच्यासमोर धार काढतो. कोमट, फेसाळ दुधाचा ग्लास थेट हातात. ग्लासाला तीस ते पन्नास रुपये. ग्राहक म्हणून एकच सूचना: लगेच तोंडाला लावू नका, फेस खाली बसू द्या, मग ग्लास पुन्हा भरून मागा. नेहमीची गिऱ्हाइकं हेच करतात आणि गवळी हसत भरून देतो. हे दूध न तापवलेलं असतं, तेव्हा लहान मुलं, गरोदर बाया आणि पोटाची तक्रार असणाऱ्यांनी नुसती गंमत पाहावी.

पुढे खासबागेजवळ भेळ, मग रंकाळ्याच्या काठावर भाजलेलं कणीस, रात्री कॉकटेल आइस्क्रीम. हे तिन्ही मिळून दोघांचे अडीचशे-तीनशे. रंकाळ्यावर बसायला पैसे लागत नाहीत. सूर्य शालिनी पॅलेसच्या बाजूला कलेपर्यंत तिथून उठू नये.

पन्हाळा

शहरापासून वीसेक किलोमीटर. एसटीने दोघांचे येऊन-जाऊन दीडशेच्या आसपास. पन्हाळा आणि जोतिबा एकत्र करायचे तर अर्ध्या दिवसाची खासगी गाडी पंधराशे ते दोन हजार. थांबण्याचे जादा पैसे त्यात आहेत का, ते आधी ठरवा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत पन्हाळा आहे, तेव्हापासून शनिवार-रविवारी गडावर वाहनांची रीघ असते. सकाळी लवकर चढा. तटाकडेला बायका टोपल्या घेऊन बसतात: झुणका, भाकरी, खर्डा, कांदा आणि मडक्यातलं दही, ताटाला ऐंशी ते सव्वाशे. खर्डा बेताने घ्या, हिरवा रंग फसवा आहे. सुट्टे पैसे जवळ ठेवा. यूपीआय सगळीकडे आहे, गडावर रेंज मात्र असतेच असं नाही.

बिल हातात आल्यावर

साध्या खानावळीत भानगड नसते. एसी हॉटेलात बिलाखाली 'सर्व्हिस चार्ज' दिसला तर काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो आपोआप लावता येत नाही, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. पाच टक्के जीएसटी वेगळा, तो द्यावाच लागतो. पाण्याच्या बाटलीवर वाद घालण्याआधी हे बघा: हॉटेलात टेबलावर बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त लावता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय. दुकानात किंवा फलाटावर मात्र छापील किंमतच. रेलनीरची लिटरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना आहे. कुणी ऐकलंच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पिशवीत काय

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अस्सल चामड्याची साधी जोडी सातशे-आठशेपासून, बारीक वेणीकामाची दोन हजारांपुढे. तीनशेत मिळते ती रेक्झिनची, पावसाळाभर टिकली तरी नशीब. तळ उलटा करून बघा: अस्सल चपलेला खिळे नसतात, चामड्याच्याच वादीने शिवलेली असते. थोडी घट्टच घ्या, आठ-दहा दिवसांत पायाला बसते. तोवर आतून खोबरेल चोळा.

गूळ हिवाळ्यात घ्यावा, गुऱ्हाळं चालू असतात तेव्हा. ढेपेचा पिवळाधमक रंग बघून भुलू नका. तो बहुधा रसायनाने आलेला असतो, काळपट-तपकिरी गूळ बरा. किलोला साठ ते ऐंशी, रसायनाशिवाय केलेला शंभरच्या पुढेही. गुऱ्हाळावरच गेलात तर काकवीची बाटली घ्या, झाकणाला आधी प्लास्टिक बांधा आणि मगच कपड्यांच्या पिशवीत ठेवा.

परत येताना

रविवारी संध्याकाळी खासगी बसचे दर अचानक चढतात. हजार-बाराशे मागितले तर सरकारचा २७ एप्रिल २०१८ चा निर्णय आठवा: त्याच वर्गाच्या एसटी भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं खासगी बसला घेता येत नाही. शिवशाहीचे साडेपाचशे असतील तर एसी बसचे सव्वाआठशेच्या वर जायला नकोत. तिकिटाचा स्क्रीनशॉट ठेवून परिवहन कार्यालयाकडे तक्रार करता येते. त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे जातानाच परतीचं एसटी आरक्षण करून टाकणं, शक्यतो दुपारी तीनच्या गाडीचं. म्हणजे दुपारचं जेवण सुटत नाही आणि सोमवारी कामावर जाण्यापुरती झोप होते.