रोपवाटिकेतील रोपांची मुळे : पोषण आणि जोपासना

मृगाच्या सरींनी जमीन भिजली की राज्यात वृक्षलागवडीची लगबग सुरू होते. १९५० साली तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाची प्रथा पाडली. महाराष्ट्रात १९८२ साली सामाजिक वनीकरणासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली, आणि १ जुलै २०१६ रोजी तर एकाच दिवशी दोन कोटी रोपे लावण्याचा संकल्प राज्याने सोडला. लावलेल्या रोपांची संख्या आपल्याकडे उत्साहाने मोजली जाते. जगलेल्या रोपांचा विचार मात्र त्या मानाने कमी होतो. रोपे मरतात त्याचे खापर बहुधा गुराढोरांवर, उन्हाळ्यावर किंवा पाणीटंचाईवर फोडले जाते. ही कारणे खोटी नाहीत. परंतु पुष्कळ रोपांचे भवितव्य ती खड्ड्यात जाण्यापूर्वीच, रोपवाटिकेतील पिशवीत ठरून गेलेले असते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या लागवड समारंभास वृत्तसंकलनाच्या निमित्ताने उपस्थित राहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला होता. शाळेमागील माळावर मोठ्या थाटाने रोपे लावण्यात आली. पुढील वर्षी त्याच वाटेने जाताना सहज पाहिले, तर निम्म्याहून अधिक खड्ड्यांत वाळक्या काटक्या उभ्या होत्या. त्यांतील एक हाताने ओढली, ती अलगद वर आली. तिच्या बुडाशी काळी पिशवी जशीच्या तशी होती. दुसऱ्या रोपाची पिशवी कोणीतरी काढलेली होती, तरीही त्याची मुळे पिशवीच्याच आकारात, पाणी आणणाऱ्या बाईच्या डोक्यावरील चुंबळीसारखी वेटोळी घालून बसलेली होती. वर्षभरात एक मूळही बाहेरच्या मातीत शिरले नव्हते. गावाने पाणी घातले नव्हते असे नाही. गुरुजींनी मुलांच्या पाळ्या लावून उन्हाळाभर कळशा वाहिल्या होत्या. त्या मुलांच्या श्रमांचे काय झाले, हा प्रश्न त्या दिवसापासून मनातून गेलेला नाही.

मुळांनाही हवा लागते

मूळ जमिनीतून पाणी व क्षार शोषून घेते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. परंतु मुळाला श्वसनही करावे लागते, ही गोष्ट विसरली जाते. मातीच्या कणांमधील बारीक पोकळ्यांत जी हवा असते तिच्यावर मूळ जगते. त्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या तर मुळे गुदमरतात, त्यांची पांढरीशुभ्र टोके तपकिरी होऊन कुजू लागतात आणि वर पाने मलूल होतात. मलूल रोप पाहून माळी आणखी एक झारी पाणी घालतो. तहानेने नव्हे तर अतिपाण्याने रोपे मरण्याचा हा प्रकार आपल्या रोपवाटिकांत सर्रास आढळतो.

दुसरी गोष्ट अशी की, पाणी शोषण्याचे काम जाडजूड मुळे फारसे करीत नाहीत. ते काम प्रामुख्याने टोकांजवळच्या केसासारख्या सूक्ष्म तंतूंचे असते, आणि या तंतूंचे आयुष्य थोड्या दिवसांचे किंवा आठवड्यांचे असते. जुने झडतात, मूळ पुढे सरकते आणि नव्या टोकाजवळ नवे तंतू फुटतात. तेव्हा मुळाची वाढ थांबली की रोपाचे पाणी पिणेही हळूहळू थांबू लागते.

यास्तव पिशवीत भरावयाच्या मिश्रणाकडे प्रथम लक्ष दिले पाहिजे. सर्वसाधारणपणे दोन भाग पोयट्याची माती, एक भाग वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे प्रमाण चालते. मात्र हे प्रमाण म्हणजे काही शासननिर्णय नव्हे. ते माती पाहून बदलावे लागते. मराठवाड्यातील व विदर्भातील काळी माती पिशवीत भरली तर सुकल्यावर आकसते, गोळा पिशवीच्या कडेपासून सुटतो आणि घातलेले पाणी त्या फटीतून सरळ तळाला जाते. मधला गोळा कोरडाच राहतो. अशा ठिकाणी काळ्या मातीचे प्रमाण कमी करून वाळू, बारीक मुरूम किंवा भाताचे तूस वाढवावे. मिश्रण योग्य झाले की नाही हे पाहण्यास प्रयोगशाळा नको. ओलसर मिश्रण मुठीत दाबावे. त्याचा गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच तो फुटावा. गोळा होतच नसेल तर वाळू अधिक झाली, फुटतच नसेल तर चिकणमाती अधिक झाली, असे समजावे.

शेणखत पुरते कुजलेले असणे अगत्याचे आहे. कच्चे शेण पिशवीत कुजू लागले की उष्णता निर्माण होते व कोवळी मुळे भाजून निघतात. शिवाय त्याबरोबर हुमणीच्या अळ्या येतात आणि त्या मुळेच कुरतडतात. मिश्रणात त्याच जातीच्या जुन्या, निरोगी झाडाखालची थोडी माती मिसळण्याची जाणत्या माळ्यांची रीत आहे, तिला शास्त्राचा आधार आहे. या मातीत मुळांशी भागीदारी करणारी बुरशी असते. तिचे धागे मुळे पोहोचत नाहीत तेथवर पोहोचून विशेषतः स्फुरद आणून देतात. करंज, शिरीष, बाभूळ यांसारख्या शेंगा धरणाऱ्या झाडांच्या मुळांवर गाठी करून हवेतील नत्र स्थिर करणारे जीवाणूही अशाच मातीतून मिळतात.

खत किती, केव्हा आणि कशासाठी

रोपांना खत देताना आपली नजर पानांवर असते. पाने हिरवीगार झाली, रोप हातभर उंच झाले, की रोपवाटिका उत्तम चालली असा अहवाल जातो. नत्राचा स्वभावच असा आहे की त्याने पालवी फोफावते. पाणी आणि नत्र ही दोन्ही बुडाशीच भरपूर मिळू लागली की रोपाला मुळे दूरवर धाडण्याची निकड राहत नाही. अशा रोपाचा वरचा संसार मोठा आणि खालचा लहान होतो. रोपवाटिकेच्या सावलीत हे खपून जाते. माळरानावर, वाऱ्याउन्हात, एवढ्या पानांची तहान तेवढ्याशा मुळांना भागविता येत नाही.

खताची मात्रा अधिक झाली तर मुळांना प्रत्यक्ष इजाच होते. काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते, हे प्रत्येक घरात माहीत आहे. मातीतील क्षार फार वाढले की मुळांचेही तेच होते. पाणी आत येण्याऐवजी बाहेर ओढले जाते. म्हणून पहिली पाच-सहा पाने येईपर्यंत रासायनिक खत देऊच नये. त्यानंतर रोपे खरोखरच पिवळट दिसत असतील तर दहा लिटर पाण्यात दहा ते वीस ग्रॅमपर्यंत युरिया विरघळवून पंधरवड्यातून एकदा झारीने द्यावा आणि लगेच साध्या पाण्याने पाने धुवावीत. कोरड्या मातीवर हे पाणी घालू नये. आदल्या दिवशी रोपे भिजलेली असावीत.

स्फुरदाची गोष्ट निराळी आहे. हे द्रव्य मातीत जेथे पडते तेथेच धरून ठेवले जाते, पाण्याबरोबर खाली उतरत नाही. तेव्हा सुपर फॉस्फेट पिशवीच्या तोंडाशी टाकण्यात अर्थ नाही. ते मिश्रण करतानाच मिसळावे; दहा घमेल्यांस सुमारे पाव किलो पुरे होते. अधिक घातल्याने अधिक मुळे येतील हा समज चुकीचा आहे. उलट वर सांगितलेल्या उपकारक बुरशीचे काम त्यामुळे मंदावते. निंबोळी पेंड मिसळल्यास नत्र सावकाश मिळते आणि किडींनाही काही प्रमाणात आळा बसतो.

पिशवीतील वेटोळे

बी रुजल्यावर सोटमूळ प्रथम सरळ खाली जाते. वड-पिंपळ असोत वा कडुनिंब-चिंच असोत, पिशवीचा तळ गाठण्यास मुळांना फार आठवडे लागत नाहीत. तळाशी वाट अडली की मूळ वळते आणि भिंतीच्या कडेने फिरू लागते. मूळ कोवळे आहे तोवर हा दोष सुधारता येतो. पुढे ते काष्ठमय झाले की वेटोळे जन्मभर तसेच राहते. झाड वाढले तर ही वळलेली मुळेही जाड होतात आणि बुंध्याभोवती फास आवळला जातो. लागवडीनंतर कित्येक वर्षांनी, वरून धडधाकट दिसणारे झाड वादळात समूळ उपटून पडते, त्याचे एक कारण हेही असते.

मूळ हेच झाडाचे मुख्य भांडवल, हे सागाच्या जडीइतके दुसऱ्या कशानेही चांगले पटत नाही. वाफ्यातील वर्षभराचे सागाचे रोप उपटून त्याची सर्व पाने, बगलमुळे आणि जवळजवळ संपूर्ण खोड छाटून टाकतात. उरते ते सुमारे १५ ते २० सेंटिमीटर मूळ आणि दोन-तीन सेंटिमीटर खोड. ही बोटाएवढी काडी पहारीने केलेल्या भोकात लावली की पावसाळ्यात तिला जोमदार कोंब फुटतो. पाने नव्याने येऊ शकतात. त्यासाठी सरळ, पोसलेले मूळ तेवढे शाबूत असावे लागते.

याच संदर्भात जपानी बोन्साय कलेचे उदाहरण मोठे उद्बोधक आहे. झाड खुजे ठेवण्यासाठी त्याला उपाशी मारतात असा आपल्याकडे समज आहे. वास्तविक कोवळे बोन्साय लगेच उथळ थाळीत लावीतच नाहीत. ते काही वर्षे जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत भरपूर पोसतात, सोटमूळ लवकर छाटतात आणि बाजूची मुळे बुंध्याभोवती किरणांसारखी पसरवितात. दर एक-दोन वर्षांनी रोप बाहेर काढून वळलेली मुळे छाटतात व भरड, निचऱ्याच्या मातीत पुन्हा लावतात. छाटणीनंतर नवी मुळे फुटेपर्यंत खत देत नाहीत. पुढे मोहरीवर्गीय बियांच्या पेंडीचे लहान गोळे मातीवर ठेवून सावकाश पोषण करतात. पुण्या-मुंबईतील हौशी मंडळी वड, पिंपळ, उंबर यांवर हेच प्रयोग करतात. थाळीतील एका झाडाच्या मुळांची जेवढी निगा हे लोक राखतात, तिचा दहावा हिस्साही आपण माळावर जाणाऱ्या हजारो रोपांच्या वाट्यास येऊ देत नाही, हे काहीसे चमत्कारिकच म्हटले पाहिजे.

रोपवाटिकेत करावयाचे काम अवघड नाही. दर महिना-दीड महिन्याने पिशव्या जागच्या हलवाव्यात, म्हणजे तळातील भोकांतून जमिनीत शिरलेली मुळे तुटतात आणि आतल्या आत तंतुमुळांचे जाळे वाढते. हलविल्यानंतर दोन-तीन दिवस सावली द्यावी. अनेक रोपवाटिकांत आता रूट ट्रेनर नावाचे प्लास्टिकचे साचे वापरले जातात. त्यांच्या आतल्या उभ्या कंगोऱ्यांमुळे मुळे वळत नाहीत आणि तळ उघडा असल्याने खाली आलेले टोक हवेत सुकून वरच्या बाजूस नवी मुळे फुटतात. मात्र हे साचे मांडणीवर अधांतरी ठेवावे लागतात. ते जमिनीवरच टेकवून ठेवले तर त्यांचा मुख्य लाभ नाहीसा होतो.

येथे ग्रामपंचायतींच्या एका आग्रहाचाही उल्लेख केला पाहिजे. पुरुषभर उंचीची रोपे द्या, अशी मागणी वारंवार होते. तशी रोपे मोठ्या पिशवीत वाढविलेली असतील तर ठीकच. पण गेल्या वर्षी न खपलेले रोप त्याच लहान पिशवीत उंच झालेले असेल तर ते घेऊ नये. त्यापेक्षा बुंध्याशी जाड असलेले दीड हाताचे रोप निश्चित सरस होय. रोपे ताब्यात घेण्यापूर्वी शेकड्यामागे एक-दोन पिशव्या स्वतः फाडून पाहाव्यात. गोळा न ढासळता एकसंध राहिला आणि त्यावर पांढऱ्या टोकांची बारीक मुळे दिसली तर रोपे घ्यावीत. बोटाएवढी तपकिरी मुळे तळाशी गुंडाळलेली दिसली तर ती गाडी परत पाठविण्यास संकोच करू नये.

लागवडीपूर्वी व लागवडीच्या वेळी

लागवडीपूर्वीचा महिना-सव्वा महिना रोपांना काटक बनविण्याचा असतो. सावली क्रमाक्रमाने काढावी, नत्र पूर्ण बंद करावे, पाणी दिवसाआड करावे. खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावेत. ओल्या काळ्या मातीत खणलेल्या खड्ड्याच्या भिंती कुदळीने लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि मग खड्डा हीच एक मोठी पिशवी होऊन बसते. अशा भिंती कुदळीच्या टोकाने खरवडून घ्याव्यात.

रोप आदल्या सायंकाळी भिजवावे. पिशवी ओढून काढू नये, पात्याने उभी चिरावी. तळाची बोटभर चकती वळलेल्या मुळांसह कापून टाकावी व गोळ्याला दोन-तीन ठिकाणी उभे छेद द्यावेत. मुले हे करण्यास कचरतात. रोप मरेल अशी त्यांना भीती वाटते. शिक्षकांनी एक रोप स्वतः कापून दाखविले म्हणजे ती भीती जाते. खोडाचा व मुळाचा सांधा जमिनीच्या पातळीस ठेवावा, माती पायाने फार तुडवू नये, आणि खड्ड्यात मुळाशी कोरडे खत घालण्याचा मोह टाळावा.

लागवडीच्या नोंदवहीत रोपांच्या संख्येशेजारी आणखी एक रकाना आखून घ्यावा, परत आलेल्या रिकाम्या पिशव्यांचा. पाहुणे मंडळी गेल्यावर दोन शिक्षकांनी किंवा पंचायतीच्या सदस्यांनी बसून पिशव्या मोजाव्यात. पाचशे रोपांमागे चारशे साठ पिशव्या भरल्या, तर उरलेल्या चाळीस जमिनीत आहेत. त्या कोणत्या खड्ड्यांत आहेत हे माती भुसभुशीत आहे तोवर, त्याच दिवशी अंधार पडण्यापूर्वी, शोधून काढता येते.