प्रश्नानंतरची शांतता

‘शिकविणे’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर बोलणारा शिक्षक उभा राहतो. शिक्षकाचे मौनही शिकवीत असते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. याच महाविद्यालयातून इतिहास घेऊन बी. ए. झाल्यावर मी बी. एड.ला प्रवेश घेतला. आता तृतीय सत्र सुरू होत आहे. त्या निमित्ताने अध्यापनातील एका लहानशा गोष्टीचा विचार येथे मांडावयाचा आहे. ती गोष्ट म्हणजे प्रश्न विचारल्यानंतरचे थांबणे.

शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या माझ्या बंधुभगिनींसाठी प्रथम थोडी माहिती. बी. एड. हा अभ्यासक्रम पूर्वी एक वर्षाचा होता. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार २०१५ पासून तो दोन वर्षांचा झाला. त्यातील २० आठवडे शाळेसाठी राखलेले असतात. ४ पहिल्या वर्षी आणि १६ दुसऱ्या वर्षी. या दुसऱ्या, दीर्घ कालखंडास शालेय आंतरवासिता म्हणतात. आमच्या महाविद्यालयात ती तृतीय सत्रात येते.

पहिल्या वर्षी भर असतो तो सूक्ष्म अध्यापनावर. १९६० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धती विकसित केली. तिच्या भारतीय रूपात ६ मिनिटे पाठ, ६ मिनिटे प्रत्याभरण, १२ मिनिटे पुनर्नियोजन, ६ मिनिटे पुनर्पाठ आणि पुन्हा ६ मिनिटे प्रत्याभरण, असे ३६ मिनिटांचे चक्र असते. एका चक्रात एकाच कौशल्याचा सराव करावयाचा : कधी प्रश्न विचारणे, कधी फलकलेखन, कधी प्रबलन. हातात पाठाचे टाचण असते आणि समोर विद्यार्थी म्हणून आपलेच सहाध्यायी बसलेले असतात. प्रश्न विचारताच पाच हात वर होतात, कारण उत्तर सर्वांनाच ठाऊक असते. कौशल्याचा सराव होण्यास हे पुरेसे आहे. मात्र उत्तर ठाऊक नसलेल्या मुलाचा चेहरा येथे पाहावयास मिळत नाही.

तो चेहरा खऱ्या वर्गात भेटतो. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी प्राथमिक वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात आणि मग स्वतः बोलू लागतात किंवा दुसऱ्याकडे वळतात, असे त्यांना आढळले. १९७४ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले. हा प्रतीक्षाकाल तीन सेकंदांपर्यंत वाढविला तेव्हा उत्तरे लांबली, मुले आपण होऊन बोलू लागली, आणि ज्यांना ‘मंद’ समजले जात होते त्यांचाही सहभाग वाढला. विशेष म्हणजे मुलाचे उत्तर संपल्यानंतरही शिक्षकाने तितकेच थांबणे उपयुक्त ठरले.

पहिल्या वर्षी एका शाळेत पाठनिरीक्षणास गेले असता याचा प्रत्यय आला. शिवरायांच्या राज्याभिषेकाचा पाठ चालू होता. “राज्याभिषेक कोणत्या वर्षी झाला?” या प्रश्नाला “१६७४” असे उत्तर तत्काळ मिळाले. नंतर बाईंनी विचारले, “राज्य तर हाती होतेच, मग अभिषेक कशासाठी?” वर्ग गप्प झाला. बाईही गप्प राहिल्या. अखेर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, सातबाऱ्यावर नाव लागल्याबिगर जिमीन आपली व्हत न्हाई, तसं असंल.” बाईंनी त्याची भाषा सुधारली नाही. “म्हणजे कसे, जरा समजावून सांग,” एवढेच म्हणून त्या पुन्हा थांबल्या. सार्वभौमत्व म्हणजे काय, हे त्या दिवशी वर्गाला त्या मुलाने शिकविले. एका सेकंदात पुढे गेलेल्या वर्गात हे वाक्य कधीच ऐकू आले नसते.

घरात ग्रंथ नाहीत, घरची बोली पुस्तकाच्या भाषेहून वेगळी आहे, अशा मुलाला उत्तर सुचते ते आधी आपल्या बोलीत. ते वर्गाच्या भाषेत आणावयास त्याला वेळ लागतो. तो वेळ नाकारला की हुशार मुलेच बोलत राहतात आणि उरलेली मुले ‘आपल्याला येत नाही’ असे मानून गप्प बसतात. पुढे ती शाळेतूनच दूर जाण्याचा संभव असतो. तेव्हा प्रतीक्षाकाल हा न्यायाचाही प्रश्न आहे.

म्हणून या सत्रासाठी मी तीन नियम ठरविले आहेत. टाचणातील प्रत्येक घटकात एक तरी ‘का’ने सुरू होणारा प्रश्न असावा. तो विचारून मनात तीन अंक मोजावेत आणि मगच नाव घ्यावे. कारण नाव आधी घेतले की बाकीचा वर्ग विचार करणे सोडतो. उत्तर बोलीत आले तर प्रथम आशय स्वीकारावा, प्रमाण शब्द नंतर फळ्यावर लिहावा.

पस्तीस मिनिटांच्या तासिकेत असे दहा प्रश्न विचारले, तरी एकूण थांबणे होते अवघ्या अर्ध्या मिनिटाचे. अभ्यासक्रम पूर्ण करण्याची घाई कितीही असली, तरी एवढा वेळ प्रत्येक शिक्षकापाशी असतोच.