किल्ली तुझ्याच खिशात

पोरा, आता तू मेंटेनन्सला आलास म्हणून सांगतो. प्रेस बंद केली म्हणजे मेली, असं धरून चालू नकोस. मोटर थांबली तरी फ्लायव्हील बराच वेळ गरगरत राहतं. आपल्या जुन्या की-क्लचच्या प्रेसवर तेवढ्यात कुणाचा पाय पेडलवर पडला, की रॅम खाली आलाच. चाक ठार थांबेपर्यंत डायमध्ये हात नाही. सुपरवायझर घड्याळ बघत उभा राहिला, तर राहू दे.

लाल बटण दाबून कामाला लागणारे बरेच भेटतील. त्या बटणाने कंट्रोल तुटतो. पॅनेलात तिन्ही फेज जिवंतच. मेन आयसोलेटर खाली ओढ, स्वतःचं कुलूप घाल, किल्ली खिशात. हेल्परकडे तर मुळीच द्यायची नाही. तिघं असाल तर तीन कुलपं. नुसत्या ‘काम चालू आहे’च्या पाटीवर विसंबू नकोस, पाटी वाचतो कोण? प्रॉडक्शनचा माणूस पलीकडून येतो, ‘कुणी बंद केलं रे?’ म्हणतो आणि भल्या मनाने स्विच वर करतो. कुलूप आहे ते त्याच्यासाठी. शिफ्ट बदलताना आधी येणाऱ्याचं लागेल, मगच तुझं निघेल.

टेस्टर आधी चालू पॉइंटवर लाव, मग मशीनवर, मग पुन्हा चालू पॉइंटवर. टेस्टरच मेलेला असला तर मशीनही मेल्यासारखं दिसतं. ड्राइव्ह असेल तर कपॅसिटर उतरायला किती मिनिटं लागतात ते झाकणावर लिहिलेलं असतं; तेवढ्यात चहा घेऊन ये.

रॅमखाली ठोकळा लावायचा, पण कुलूप घातल्यावर. तो रॅमचं नि वरच्या डायचं वजन पेलतो, चालू प्रेसचा दणका नाही.

हायड्रॉलिकवर पंप बंद केला तरी अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये दाब असतोच. तो सोडून गेज शून्यावर आलेलं बघ, मग पाना लाव. आणि चालू लाइनची बारीक गळती बोटाने कधी चाचपू नकोस, लांबून पुठ्ठा धर. ते तेल कातडीत घुसतं. जखम टाचणीएवढी, दुखतही नाही फारसं, आणि माणूस घरी जातो. घरी नाही जायचं, तडक हॉस्पिटल गाठायचं, आणि ‘तेल आत गेलंय’ हे डॉक्टरला तोंडाने सांगायचं.

कपडे अंगाबरोबर घट्ट हवेत. चालू यंत्राजवळ तपासणीला जाणाऱ्याला ते मालकाने द्यायचे, हे १९४८च्या कारखाने कायद्यातच लिहून ठेवलं होतं. लाजू नकोस, माग.

काम संपलं की पाने मोज, माणसं मोज, ठोकळा काढ, मग कुलूप. पहिला स्ट्रोक पत्रा न घालता, रिकामा.