तांबड्या मातीवरून रसायनशास्त्राची उजळणी



दहावीचा अभ्यास सुरू होण्यापूर्वी चि. भाचीने रसायनशास्त्राच्या मूलभूत संकल्पनांची उजळणी अवश्य करावी. मात्र केवळ व्याख्या पुन्हा पाठ न करता, एकच परिचित पदार्थ घेऊन प्रत्येक संकल्पना त्याला लावून पाहावी, आणि माथेरानात राहणाऱ्या विद्यार्थिनीला त्यासाठी पायाखालची तांबडी माती पुरेशी आहे.

सुमारे ८०० मीटर उंचीचे हे पठार बेसॉल्ट या ज्वालामुखीजन्य खडकाचे असून त्याच्या माथ्यावर जांभा आहे. दीर्घकाळच्या मुसळधार पावसाने बेसॉल्टमधील कॅल्शियम, मॅग्नेशियम व बरीचशी सिलिका वाहून नेली आणि पाण्यात सहजी न विरघळणारी लोहाची व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली. मूळ खडकातील बहुतेक लोहाची संयुजा, म्हणजे इतर अणूंशी संयोग पावण्याची क्षमता, २ असते. हवा-पाण्याच्या सान्निध्यात लोहाचा अणू आणखी एक इलेक्ट्रॉन गमावतो व ती ३ होते. इलेक्ट्रॉन गमावण्याच्या या क्रियेलाच ऑक्सिडीकरण म्हणतात, आणि मातीचा तांबडा रंग हा तिचाच परिणाम आहे.

लोहाची संयुजा ३ व ऑक्सिजनची २ असल्यामुळे तिरकस गुणाकाराने फेरिक ऑक्साइडच्या सूत्रात लोहाचे २ व ऑक्सिजनचे ३ अणू येतात. अणुवस्तुमाने अनुक्रमे ५६ व १६ धरल्यास सूत्राचे वस्तुमान १६० होते आणि त्यात लोहाचा वाटा ११२, म्हणजे ७० टक्के, भरतो. हे प्रमाण शुद्ध फेरिक ऑक्साइडच्या कोणत्याही नमुन्यात बदलत नाही, म्हणूनच त्याला संयुग म्हणतात. पण माती हे मिश्रण आहे, दस्तुरी नाक्याजवळची माती आणि शार्लोट तलावाकाठची माती यांतील लोहाचे प्रमाण सारखेच असेल असे मानण्यास आधार नाही, आणि ७० टक्क्यांचा आकडा तिला लावणे ही मोठी चूक ठरेल. संयुग आणि मिश्रण यांतील हा भेद ज्याला नीट कळला, त्याला पुढील निम्मा अभ्यास सोपा जातो.

समीकरण संतुलित करताना अनेक विद्यार्थी सूत्रातील अंकच बदलतात. ते कदापि करू नये, कारण सूत्र बदलले की पदार्थच बदलतो. बदलायचे ते रेणूंपुढील सहगुणक. लोहाचे ४ अणू व ऑक्सिजनचे ३ रेणू यांपासून फेरिक ऑक्साइडची २ सूत्र-एकके होतात, आणि दोन्ही बाजूंना ऑक्सिजनचे ६ अणू मोजता येतात. मोल ही संकल्पना येथेच उपयोगी पडते: ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण म्हणजे एक मोल, आणि एक मोल फेरिक ऑक्साइडचे वस्तुमान १६० ग्रॅम असते.

लोहापासून फेरिक ऑक्साइड होणे हा रासायनिक बदल आहे, कारण त्यात पदार्थच बदलतो. पाणी उकळणे हा मात्र भौतिक बदल होय, कारण त्यात रेणू तोच राहतो. माथेरानात हवेचा दाब कमी असल्याने ते सुमारे ९७ अंश सेल्सिअसलाच उकळते.

१९०७ साली सुरू झालेल्या नेरळ–माथेरान रेल्वेच्या रुळांवर पावसाळ्यात गंज चढतो. गंज हे जलयुक्त फेरिक ऑक्साइड असते. त्यातील पाणी वगळून, ५६ ग्रॅम लोह पूर्णपणे गंजण्यास हवेतून किती ऑक्सिजन लागेल आणि तयार झालेल्या ऑक्साइडचे वस्तुमान किती भरेल, याचे उत्तर चि. भाचीने पायऱ्यांसह मांडून उलट टपाली पाठवावे.