नोकरी गेल्यावर कायद्याने काय मिळते?

भरे, घोटवडे, पिरंगुट, उरवडे या पट्ट्यात कारखाने आले आणि आपले पुष्कळ तरुण शेतमजुरी सोडून कामगार झाले. त्याबरोबर कामगार-कपातही वाट्याला आली. अशा वेळी मिळणारा पैसा ही मालकाची मेहेरबानी नव्हे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी धन्याची पाच कर्तव्ये सांगितली. त्यांत वेतन आहे, आजारपणातील शुश्रूषाही आहे. परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आजारविम्याची आखणी त्याच काळात झाली व १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा आला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. सलग वर्षभर काम केलेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, आणि सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा. समजा, रोज सरासरी ५०० रुपये पडतात व नोकरी ८ वर्षे ७ महिने झाली. ती ९ वर्षे धरून ६७,५०० रुपये होतात. ग्रॅच्युइटी वेगळी. नव्या संहितेने पुनर्कौशल्य निधीतून आणखी १५ दिवसांचा पगार ४५ दिवसांत खात्यावर जमा करायला सांगितले आहे.

ज्याच्या पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जाते (पगाराची मर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये), त्याला बेकारी भत्ताही आहे. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना २००५ पासूनची, कपात किंवा कारखाना बंद पडणे यासाठी. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ मध्ये आली. तिचा भत्ता २०२० मध्ये सरासरी रोजाच्या २५ वरून ५० टक्के झाला; आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवस. हिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून आधी शाखा कार्यालयात चौकशी करावी. विमा क्रमांक, आधार व बँक पासबुक सोबत न्यावे.

आता खरी मेख. "राजीनामा लिहून दे, हिशोब लगेच करतो," असे गोड बोलून सही घेतली जाते. सही केली की नोकरी आपण होऊन सोडली असे ठरते, आणि नुकसानभरपाई व भत्ता दोन्ही अडचणीत येतात. कपातीचे पत्र लेखी मागावे. कोऱ्या कागदावर तर सही करूच नये. पत्र देत नसतील तर पगारचिठ्ठ्या व हजेरीकार्ड घेऊन कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. ठेकेदाराकडच्या मुलांनी आपली वर्गणी खरोखर भरली जाते का, हे नोकरी चालू असतानाच तपासावे.