आमच्या घरच्या पाण्याचे गणित

आमचे गाव भिवंडी तालुक्यात आहे. गावात शाळा, अंगणवाडी, वीज आणि डांबरी रस्ता आहे. पाण्याची सोय मात्र अर्धीच आहे. दारात नळ आहे, पण उन्हाळ्यात तो कोरडाच असतो.

आपल्याच तालुक्यात पिसे येथे भातसा नदीवर बंधारा आहे. तिथले पाणी पांजरापूरला शुद्ध करतात आणि मोठ्या पाइपांतून मुंबईला नेतात. मुंबईच्या लोकांना तहान लागते, तशी आपल्यालापण लागते.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली. खेड्यातल्या प्रत्येक माणसाला रोज ५५ लिटर पाणी घरच्या नळाने मिळावे, असे त्यात ठरले.

आम्ही घरात पाच माणसे. ५५ × ५ = २७५ लिटर. आमचा हंडा १५ लिटरचा आहे. म्हणजे रोज अठरा हंडे आणि वर ५ लिटर.

मे महिन्यात आई आणि ताई बोअरिंगवरून आठच हंडे आणत होत्या. ८ × १५ = १२० लिटर. माणशी फक्त २४ लिटर! ताईच्या खांद्याला वळ उठले होते.

ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, असा कायदा आहे. आई म्हणाली, "तिथं जाऊन मी काय बोलू?" मी तिला हे गणित कागदावर लिहून दिले. आई आता सभेला जाणार आहे.

मित्रांनो, तुम्हीपण आपल्या घरचे हंडे मोजा आणि आईला कागद द्या.